कासिल्दाची अखंड साल

आमच्या ला कारमेनच्या खोऱ्यात मी एकवीस वर्षं सरकारी नर्स आहे, आणि या एकवीस वर्षांत माझं एकही भाषण कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. पिंपांवर झाकण ठेवा, जुने टायर उपडे करा, कुंड्यांखालच्या बशा ओता, बाळाला मच्छरदाणीत निजवा. दर पावसाळ्यात घरोघर हिंडून हेच सांगते. बायका मान डोलावतात, आल्याचं थंडगार सरबत देतात, आणि मी फाटकाबाहेर पडले की मागून म्हणतात, "नर्स बिचारी चांगली आहे, पण तिला सालीतलं काय कळतंय!"

साल म्हणजे संत्र्याची साल. आणि सालीतलं ज्याला कळतं असं आमच्याकडे एकच माणूस, मिस कासिल्दा लेझामा.

मी सांगतेय त्या वर्षी तिचं वय अडुसष्ट होतं. उंच, काटक, डोक्यावर मेलेल्या भावाची फेल्ट हॅट, पायात गमबूट. खोऱ्यात शिरताना छोटा पूल लागतो, त्याच्या तोंडाशी बांबूच्या चार खांबांवर पत्रा टाकून तिचं दुकान. दुकान म्हणजे एक बाक, एक टेबल, संत्र्यांच्या दोन गोण्या आणि एक चाकू. धार लावून लावून त्या चाकूचं पातं बोटभर उरलं होतं, पण त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. एकूणच तिला बरंच काही खपायचं नाही. नाकावर माशी बसू देत नाही म्हणतात ना, तशी बाई. निदान डास तरी तिच्या नाकावर बसलेला मी कधी पाहिला नाही.

गिऱ्हाईक आलं की ती एक हिरवंपिवळं संत्रं उचलायची, देठाशी चाकू टेकवायची आणि संत्रं फिरायला लागायचं. चाकू जागचा हलत नसे, फिरायचं ते संत्रं. साल गोल गोल सुटत खाली बादलीत उतरायची, एकच्या एक, कागदासारखी पातळ, आणि आतला पांढरा पापुद्रा फळावर जसाच्या तसा. मग वरचं टोपण उडवायचं, मीठ-मिरची चोळायची आणि फळ चोखायला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. फळ गिऱ्हाइकाचं, साल तिची.

या साली तिच्या चुलीवरच्या तारेवर वाळायच्या. काही संध्याकाळी डब्यात पेटवून ओसरीवर ठेवायच्या, त्या धुराने डास बाहेरच राहतात. उरलेल्या बाटलीत जायच्या. वर कडक रम, चार लवंगा, गवती चहाच्या काड्या, आणि बाटली चाळीस दिवस पत्र्यावर उन्हात. मग गाळून खोबरेल तेलात मिसळलं की झालं डासांचं तेल. खोऱ्यातल्या प्रत्येक घरात त्याची एक तरी बाटली असते. ऊन उतरल्यावरच लावायचं, हा तिचा नियम, कारण सालीचं तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजते. बाळाच्या अंगाला कधी नाही, आईच्या हातांना आणि मच्छरदाणीच्या कडांना, हाही तिचाच नियम. खरं सांगायचं तर हे दोन्ही नियम आमच्या खात्याच्या पत्रकात असायला हवे होते.

तेल चालतं का? चालतं, तासभर. मी स्वतः घड्याळ लावून ओसरीवर बसून पाहिलंय. तास झाला की डास परत येतात, आणि भुकेले होऊन येतात. हे मी मिस कासिल्दाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तासाने परत लाव. तू काय दिवसातून एकदाच जेवतेस?"

पण खरी गोष्ट बाळाच्या सालीची. आमच्याकडे नवं बाळ इस्पितळातून घरी आलं की पहिल्या रविवारी, सगळ्या घरादारासमोर, त्याच्या नावाने एक संत्रं सोलायचं. साल अखंड निघाली पाहिजे. ती बाळाच्या खिडकीत टांगायची, नऊ दिवसांनी उतरवून बाटलीत घालायची, आणि ती बाटली त्या बाळाची. साल तुटली तर त्या तुटीतून डास आत येतो म्हणतात. सोलणाऱ्याला संत्री तीन मिळतात. तिसरंही तुटलं तर त्याने चाकू खाली ठेवायचा आणि बाळासाठी पुन्हा कधी उचलायचा नाही. हे मिस कासिल्दाच्या आईच्या काळापासून चालत आलेलं. आईनंतर बेचाळीस वर्षं प्रत्येक बाळाची साल मिस कासिल्दाने काढली आणि दुसऱ्या संत्र्याला तिने कधी हात लावला नव्हता.

आता रघबीर. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर तिच्या समोर, त्याचंही संत्र्यांचं दुकान. सतरा वर्षांपूर्वी त्याने शगवानसच्या बाजारातून सोलायचं यंत्र आणलं. संत्रं दोन टोकांमध्ये अडकवायचं, दांडा फिरवायचा, घर्र घर्र, आणि पाच सेकंदांत साल खाली. पहिल्याच दिवशी मिस कासिल्दाने रस्त्यावरून ओरडून विचारलं, "काय रे रघबीर, बायकोला पण दांडा फिरवूनच उठवतोस का?"

"ती उठतच नाही, मिस कासिल्दा! म्हणून तर मी दिवसभर इथे येऊन बसतो!"

तेव्हापासून दोघांचं हे रोजचं. रस्त्याच्या या काठावरून त्या काठावर. "मशीनची साल म्हणजे सुताराच्या रंध्यातून पडलेला भुसा." "आणि हाताची साल म्हणजे गिऱ्हाइकाच्या दाढीला फुटलेलं पांढरं, मिस कासिल्दा. वाट बघून बघून!" पुलावरून जाणारी माणसं दोघांकडूनही संत्री घ्यायची, कारण एकाकडून घेतलं तर दुसरा ऐकवायचा. पण सतरा वर्षांत मिस कासिल्दाने तो रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात पाय ठेवला नाही.

त्या वर्षी ईस्टरनंतर मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. मिस कासिल्दा संत्री न सोलताच विकायला लागली. "तुझेच डॉक्टर म्हणतात ना, आपलं काम आपण करावं," ती मला म्हणाली. कुणी फारच आग्रह केला तर सोलायची, पण पाठ फिरवून. मी एकदा सहज बादलीत डोकावले. साली वीतभर, चार बोटं, कुठे नखाएवढ्याच. एकवीस वर्षांत त्या बादलीत मी तुकडा पाहिला नव्हता.

"यंदा संत्र्यांची सालच कच्ची आहे," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात म्हणाली, चाकूची धार गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोष पावसावर गेला, आणि शेवटी रघबीरवर. "त्याच्या त्या घर्रघर्रने माझं लक्ष उडतं." नाचता येईना अंगण वाकडं! मी नर्स आहे, आंधळी नाही. ती मीठ टाकत होती तेव्हा मी तिचा उजवा हात पाहिला. मीठ फळावर कमी आणि टेबलावर जास्त पडत होतं.

"मिस कासिल्दा, हात दाखवा."

"कशाला?"

"बघते जरा. गुरुवारी केंद्रात डॉक्टर येतात, त्यांनाही दाखवू."

"हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? आज म्हणशील हात बघू, उद्या म्हणशील चाकू दे," ती म्हणाली आणि तो हात तिने एप्रनच्या खिशात घातला. त्या दिवसापासून मी दिसले की तो हात खिशात. मला राग आला, आणि वाईटही वाटलं. कोणाचंही काही लपत नाही अशा खोऱ्यात ही बाई स्वतःचा हात लपवत होती.

तिला मूलबाळ नव्हतं. बहिणीची मुलगी मारिसेला तिने वाढवली. मारिसेलाला आदल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि आठ दिवस ती इस्पितळात होती. मिस कासिल्दा आठही दिवस तिच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसून होती, फेल्ट हॅट मांडीवर ठेवून. मारिसेला बरी झाली, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला मुलगी झाली. नाव ठेवलं पालोमा. ईस्टरनंतरचं खोऱ्यातलं हे पहिलंच बाळ. पाऊस अजून सरलेला नव्हता, नाताळची परांग गाणी घराघरांत सुरू झाली होती, आणि डास असे की माझ्या स्वतःच्या ओसरीवर मला बसवत नव्हतं. आणि पालोमाच्या सालीचा रविवार चार दिवसांवर आला होता.

बुधवारी सकाळी दहा वाजता मी मिस कासिल्दाच्या घरी तिची पिंपं तपासायला गेले. आतून गाण्याचा आवाज. परांग, तेही स्पॅनिशमध्ये, तेही भसाड्या आवाजात. दार ढकललं तर ती टेबलाशी बसलेली, हॅट कानावर, समोर सालीची बाटली. बाटली अर्धी रिकामी.

"हे काय प्यायलात?"

"औषध."

"हे डासांचं औषध आहे!"

"खोबरेल अजून घातलं नव्हतं," ती म्हणाली, जणू काही त्याने फरक पडतो. कुणीतरी तिला सांगितलं होतं की दोन घोट घेतले की थरथरता हात शांत होतो. ते अगदीच खोटं नाही, हे मला कबूल करायला हवं. घरात कडक रम होती ती फक्त या बाटलीत. टेबलावर चार संत्री होती. पहिल्याची साल सुरेख, एकच्या एक. दुसऱ्याचीही. तिसऱ्याची अर्धी. चौथं संत्रं तसंच होतं, आणि टेबलाची कड मात्र वीतभर सोललेली.

"नर्स," ती गंभीरपणे म्हणाली, "हात थांबला गं. पण आता संत्रंच हलतंय."

मी तिच्याजवळ बसले. तिच्या श्वासाला संत्रं, लवंग आणि रम यांचा असा दणदणीत वास होता की त्या खोलीत खरंच एकही डास नव्हता. मी तिला कॉफी करून दिली आणि विचारलं, रविवारी सगळ्या घरासमोर, मांडीवर तान्हं बाळ घेऊन बसलेल्या मारिसेलासमोर अशीच जाणार आहात का? कॉफी पिताना कप दोन्ही हातांनी धरला होता.

शुक्रवारी दुपारी मी रघबीरच्या दुकानामागे त्याच्या पिंपावर वाकून पळीने पाणी तपासत होते. पुढे यंत्राची घर्रघर्र चालली होती. ती एकदम थांबली आणि मला ओळखीचा आवाज ऐकू आला. मिस कासिल्दा रस्ता ओलांडून आली होती.

"मिस कासिल्दा! रस्ता चुकलात का?"

"गप्प बस आणि एक संत्रं सोलून दे."

"तुमच्याकडे दोन गोण्या पडल्यात."

"मला साल पाहिजे. अख्खी. फळ तू खा."

रघबीर हळूच म्हणाला, "मारिसेलाच्या पोरीसाठी?"

"आवाज खाली ठेव."

"नाही देणार."

"मशीन आणलंस तेव्हापासून उलटच बोलतोस, आता वर शहाणपण शिकवतोस. दे म्हटलं ना! एप्रनमध्ये लपवून नेते. संत्रं घेऊन पाठ करून बसेन आणि ऐन वेळी बाहेर काढेन. कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळेल. मला कळेल," रघबीर म्हणाला. "माझ्या तिन्ही पोरींच्या खिडकीत कुणाची साल होती, मिस कासिल्दा? धाकटीच्या वेळी हे मशीन याच टेबलावर होतं. तरी टोपी हातात घेऊन मी रस्ता ओलांडून तुमच्याकडे आलो की नाही?"

"आलास. झिंगून आलास."

"मुलगी झाली होती! मशीनची साल गिऱ्हाइकासाठी, बाळासाठी नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकलो. आता तुम्हीच अशा उलट्या फिरलात तर मी कुणाचं ऐकू?"

मग कसला तरी खडखडाट ऐकू आला. मला दिसत नव्हतं, पण समजलं. तिने हात टेबलावर ठेवला होता आणि मिठाचा डबा वाजत होता.

"कधीपासून?" रघबीरने विचारलं.

"ईस्टरपासून." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तीन संत्री मिळतात. तिन्ही तुटणार, मला माहीत आहे. चाकू गेला तर जाऊ दे रे. पण मारिसेला गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांसमोर तापाने फणफणत होती. आता तिला डास दिसला की ती थरथर कापते. तिचा मच्छरदाणीवर विश्वास नाही, नर्सवर नाही. तिचा सालीवर आहे. मीच तिला तसं वाढवलंय. साल तुटलेली पाहिली तर ती बाळाजवळ बसून जागत राहील, रोज, पहाटेपर्यंत. ओळखते मी तिला."

माझ्या हातातली पळी पिंपाच्या कडेला आपटली.

"मागे कोण आहे?" मिस कासिल्दा कडाडली.

"सरकार," रघबीर म्हणाला. "पिंप बघतंय."

"सरकारने काही ऐकलं का?"

"चौदा अळ्या सापडल्या," मी उभी राहून म्हणाले. "बाकी काही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, रघबीरकडे पाहिलं, हॅट नीट केली आणि रिकाम्या हाताने रस्ता ओलांडून परत गेली. मी रघबीरला त्या चौदा अळ्यांवरून एवढं झापलं की तो चक्रावून गेला. राग त्याच्यावर नव्हता. पण मला कुणाला तरी झापायचं होतं.

रविवार उजाडला. प्रार्थनेनंतर मारिसेलाच्या घरी सगळे जमले. चुलीवर पेलावचं, म्हणजे कोंबडी-भाताचं, मोठं पातेलं, लाल सॉरेलच्या सरबताची सुरई, तिचा नवरा अँसेल्म छोट्या गिटारीसारख्या कुआत्रोच्या तारा जुळवत बसलेला. पालोमा मारिसेलाच्या मांडीवर, गुलाबी, सुरकुतलेली, सगळ्या जगावर रागावलेली. मच्छरदाणी मी आदल्या दिवशी स्वतः बांधून गेले होते, आणि ती नीट गुंडाळून कपाटावर ठेवलेली मला दिसली. बोलायचा तो दिवस नव्हता, म्हणून मी गप्प बसले.

मिस कासिल्दा आली. इस्त्रीचा पांढरा झगा, हॅट, आणि पायात गमबुटांऐवजी बूट. टेबलावर तीन संत्री मांडलेली. तिने पहिलं उचललं. तिच्या चाकूचं पातं सालीत शिरलं, एक वेढा निघाला, दीड निघाला, आणि साल तुटून टेबलावर पडली.

"पातळ सालीचं संत्रं," ती म्हणाली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने दुसरं संत्रं उचललं होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

दुसरं अर्ध्यापर्यंत गेलं. साल लोंबायला लागली होती, मारिसेलाचे ओठ हलत होते, मग हात एकदम उडाला. या वेळी मिस कासिल्दाने संत्र्याला नावं ठेवली नाहीत. तुटलेल्या सालीकडे बघत राहिली.

"टँटी," मारिसेला मावशीला म्हणाली, "राहू दे ना. नंतर कधीतरी..."

"नंतर कधी? डास काय तारीख बघून येतात? तिसरं दे."

तिने तिसरं हातात घेतलं. आणि मी, सरकारी नर्स, डास सालीने जात नाहीत असं एकवीस वर्षं घसा फोडून सांगणारी, त्या क्षणी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, तुटू देऊ नकोस. कुणाला सांगू नका.

"थांबा," दारातून आवाज आला.

रघबीर. रविवारचा शर्ट घालून, टोपी हातात घेऊन. धाकटीच्या वेळी आला होता तसाच, फक्त या वेळी शुद्धीवर. तो आत आला आणि टेबलाशी तिच्या समोर बसला.

"चाकू धरा तुम्ही. संत्रं मी फिरवतो."

"मी काय तुझं मशीन आहे?"

"नाही, मशीन मी. तुम्ही पातं. फिरवण्यात या खोऱ्यात माझा हात कोण धरणार?"

कुणीतरी हसलं. अँसेल्मची आई, जिला नेहमी काहीतरी विचारायचं असतंच, म्हणाली, "दोघांनी सोललेली चालते का पण?"

मिस कासिल्दा तिच्याकडे वळली. वाटलं, आता हिची खैर नाही. पण तिने चाकू टेबलावर ठेवला आणि उजवा हात सगळ्यांसमोर वर केला. तो थरथरत होता, उघडउघड, बोटांपासून मनगटापर्यंत.

"बघून घ्या," ती म्हणाली. "ईस्टरपासून असा आहे. संत्र्यांचा काही दोष नाही, पावसाचाही नाही. रघबीरच्या मशीनचाही नाही." मग अँसेल्मच्या आईला म्हणाली, "आणि नियम माझ्या आईचा आहे. साल अखंड पाहिजे, एवढंच ती म्हणायची. हात किती, ते तिने कधी सांगितलं नाही."

तिने दोन्ही कोपरं टेबलावर रोवली, दोन्ही मुठींत चाकू धरला आणि मूठ टेबलाच्या कडेला दाबून ठेवली. पातं जरासं हललं, मग स्थिर झालं. रघबीरने संत्रं पात्याला टेकवलं आणि अंगठ्यांनी फिरवायला लागला.

"हळू."

"हळूच आहे."

"जाड काढतोयस."

"पातं तुम्ही धरलंय, मिस कासिल्दा."

"मग जरा तिरकं कर. तिरकं! अरे, देव तुझं भलं करो, आता डावीकडे!"

अशी ती साल निघाली. एका बाजूला कागदासारखी, दुसऱ्या बाजूला बोटासारखी जाड, पांढरा पापुद्रा ठिकठिकाणी घेऊन. नागमोडी, वेडीवाकडी. मिस कासिल्दाच्या बादलीत अशी साल पूर्वी पडली असती तर तिने गिऱ्हाइकाला संत्रं फुकट दिलं असतं. पण ती तुटली नाही. शेवटचा वेढा सुटला तेव्हा रघबीरच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सालीचं तेल हवेत उडालं आणि पालोमा शिंकली.

मारिसेला रडायलाच लागली. हसत होती आणि रडत होती. अँसेल्मने ती साल खिडकीत टांगली आणि कुआत्रोवर एवढ्या जोरात हात मारला की बाळ दचकलं. मिस कासिल्दा उठली, कपाटावरची मच्छरदाणी काढली आणि मारिसेलाच्या मांडीवर टाकली. "साल झाली. आता ही बांध," ती म्हणाली. "नर्सचं पण थोडं ऐकत जावं माणसाने." एकवीस वर्षांत माझ्या बाजूने कुणी बोललं ते एवढंच. पेलाव त्या दिवशी मी दोनदा घेतला.

गुरुवारी आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे गर्दी होती. बाकावर पोटुशा बायका, खोकणारे म्हातारे, पाय मुरगळलेला एक पोस्टमन. मी कागद लिहीत होते, आणि मान वर केली तर रांगेत मिस कासिल्दा बसलेली. हॅट मांडीवर. हात खिशात नव्हता. हॅटवर ठेवला होता, उघडा, सगळ्यांना दिसेल असा, आणि हॅटचा काठ बारीक हलत होता.

तिचा नंबर आला तेव्हा ती माझ्या टेबलाशी बसली आणि हात माझ्यासमोर पसरला. मी तो धरला. संत्र्याचा वास आला, तिच्या हाताला तो कायमचाच आहे.

"यावर गोळ्या असतात," मी म्हणाले. "सगळं थांबेल असं नाही, पण कमी होतं पुष्कळांचं. डॉक्टर बघतील. पण मिस कासिल्दा, सकाळच्या धंद्याच्या वेळी तुम्ही इथे? दुकान?"

"उघडं आहे. रघबीर बघतोय दोन्ही."

"आणि चाकू?" तो तिच्या एप्रनच्या खिशात नेहमी असायचा. आज तिथे काहीच दिसत नव्हतं.

"त्याच्याकडे दिलाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय अशी?" ती म्हणाली. "धार लावायला दिलाय. हात बघ."